कोइमतूरची खोली, एक नोव्हेंबर आणि माझी अक्का

जानेवारीत अक्का आमच्या घरी येऊन गेली, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे पण ड्युटीमुळं राहूनच जातंय, आज वीकली ऑफ आहे, कपडे वाळत घालून झालेत, आता लिहूनच उठते.

अक्का म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे. ती दक्षिण कर्नाटकातल्या मंड्याकडची, कन्नड घरातली. २०१९ साली जुलैपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आम्ही दोघी कोइमतूरमधे एका फ्लॅटमधे राहत होतो, मिशनरी म्हणून. आमच्या चर्चमधे मिशनरी कधीच एकटा नसतो, कायम जोडी असते, आणि जोडीतल्या दुसऱ्या माणसाला कंपॅनियन म्हणतात. नियम असा की कंपॅनियन नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात पाहिजे. एकाच खोलीत झोपायचं, खाटा वेगळ्या. बाजारात सोबत, बसमधे सोबत, डॉक्टरकडं सोबत. अंघोळ आणि बाथरूम एवढाच काय तो एकांत. आणि कंपॅनियन कोण हे आपण ठरवायचं नाही, मिशन प्रेसिडेंट ठरवतात, दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरची वेळ येते तेव्हा कळतं की आहे तीच राहणार की दुसरी येणार.

लोक मॉर्मन म्हणतात ते आमचं चर्च. पूर्ण नाव लांब आहे, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, आणि २०१८ मधे आमचे तेव्हाचे प्रेसिडेंट, म्हणजे सगळ्या चर्चचे प्रमुख, नेल्सन यांनी सांगितलं की टोपणनाव न वापरता पूर्ण नावच घ्या, त्यामुळं मी इथं जास्त करून नुसतं चर्च म्हणते. आमचं घर तसं आधीपासून ख्रिस्तीच, मराठी प्रार्थना, मराठी गीतं, नाताळाला करंज्या, सगळं आपल्यासारखंच. मी बेंगळूरला नर्सिंगला गेले, तिथं रूममेटबरोबर या चर्चमधे जायला लागले आणि मग माझी मीच ठरवून बाप्तिस्मा घेतला. घरी हे आवडलं नव्हतं. आईला वाटलं पोरगी हातची गेली, आणि अप्पा तर वर्षभर त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. जुन्या चर्चमधले एकदोघं घरी येऊन समजावून गेले. मला वाईट वाटायचं, कारण आजीनं शिकवलेली प्रार्थना मी काही टाकून दिली नव्हती, आजपण झोपताना तीच म्हणते.

एप्रिल २०१८ मधे नेल्सन बेंगळूरला आले होते. त्याच महिन्याच्या सुरुवातीला बेंगळूरला टेंपल, म्हणजे आमच्या चर्चचं खास पवित्र मंदिर, होणार असं त्यांनी जाहीर केलं होतं, भारतातलं पहिलं. त्या दिवसांत आम्हा सगळ्यांच्याच अंगात काहीतरी संचारलं होतं आणि मी मिशनचा फॉर्म भरला. मुलगे अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात आणि दोन वर्षं जातात. मुलींना तेव्हा एकोणीस पूर्ण लागायचं आणि मुदत अठरा महिन्यांची. पगार नाही, उलट खर्च आपणच करायचा, ज्यांना झेपत नाही त्यांना चर्चच्या फंडातून मदत होते, मला झाली. ऑगस्ट २०१८ ला मी गेले आणि फेब्रुवारी २०२० ला परत आले.

आईला सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल तर चहा. आम्ही चहा कॉफी घेत नाही. आता बेळगावकडं कुणाच्या घरी जाऊन चहा नको म्हणणं म्हणजे काय ते इकडच्यांना वेगळं सांगायला नको, उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी आधण ठेवलेलं असतं. आई म्हणायची, "चहाबी घेणार नाहीस, मग माणूस माणसाच्या घरात जाऊन करतंय काय गे?" कोइमतूरलापण तेच, फक्त चहाच्या जागी फिल्टर कॉफी. नको म्हटलं की त्या बायांचा चेहरा उतरायचा. मग आम्ही शिकलो, दारातच आपण होऊन ताक मागायचं. मागून घेतलं की त्यांना बरं वाटतं, देणाऱ्याचा हात रिकामा राहत नाही.

दिवस कसा जायचा ते सांगते. साडेसहाला उठायचं, गुडघ्यावर बसून प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, मग नाश्ता अंघोळ. त्यानंतर आधी एकटीनं वाचायचं, मग दोघींनी मिळून, बायबल आणि आमच्या चर्चचा दुसरा धर्मग्रंथ बुक ऑफ मॉर्मन, दोन्ही. दहाच्या सुमाराला बाहेर. छातीवर काळा बॅज, त्यावर पांढऱ्या अक्षरांत सिस्टर आणि आडनाव. रात्री नऊला आत, उद्याचं प्लॅनिंग, साडेदहाला दिवा बंद. दारोदार बेल वाजवत आम्ही फिरत नव्हतो, चर्चमधल्या लोकांच्या ओळखीनं जिथं बोलावलं असेल तिथंच जायचो. कुणाला प्रार्थना कशी करायची ते सांगायचं, कुणाच्या पोराला इंग्लिश वाचायला शिकवायचं, आजारी बाई असेल तर तिच्या घरची भांडी घासायची. लोकांना वाटतं मिशनरी म्हणजे दिवसभर भाषण, पण माझ्या आठवणीत तरी ऊन, बसस्टॉप आणि दुसऱ्यांच्या मोऱ्याच जास्त आहेत, आणि ते मला मनापासून आवडायचं.

आठवड्यातला एक दिवस आपला, प्रिपरेशन डे म्हणजे पी-डे. कपडे धुणं, बाजार, घरी ईमेल. माझ्या वेळी सुरुवातीला घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. आईला ईमेल कुठलं वाचता येणार, माझा भाऊ वाचून दाखवायचा आणि मधेमधे आपल्या मनाचं घालायचा, हे मला नंतर कळलं. २०१८ च्या ख्रिसमसला मी फोन केला तर आई पहिली पाच मिनिटं नुसती रडत होती, मी पण. मग १५ फेब्रुवारी २०१९ ला चर्चनं जाहीर केलं की आता दर आठवड्याला पी-डेला घरी बोलता येईल. ज्यांनी हे ठरवलं त्यांना कुणाकुणाच्या आया किती दुवा देत असतील. त्या सोमवारी आईनं फोन उचलल्या उचलल्या विचारलं, "जेवलीस काय गे?" आणि मी म्हटलं, "जेवलो." आमच्याकडं बायकापण मी आलो, मी गेलो, मी जेवलो असंच बोलतात, इथं लिहिताना मी गेले आले लिहितेय ते शाळेतलं, घरातलं नव्हे.

तर अक्का. माझ्या आधीच्या कंपॅनियन तेलुगू होत्या, चांगल्या होत्या, त्यांच्याशी इंग्लिशमधे बोलणं व्हायचं. जुलैमधे ट्रान्सफरचा फोन आला की आता कर्नाटकातली सिस्टर येणार. कोइमतूरचे सगळे खूष, म्हणाले अरे वा दोघी एका गावच्या! मी मनातून घाबरले. खोटं कशाला सांगू, बेळगावच्या मराठी घरातली पोरगी आहे मी. कन्नड मला येतं, बाजारात, बसमधे, सरकारी कचेरीत येतं तेवढं, पण ते आमच्याकडचं कन्नड, दर वाक्याला री लावायचं. आणि कन्नड म्हटलं की माझ्या कानात पहिल्यांदा अप्पांचा आवाज येतो. १ जून १९८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधातलं आंदोलन झालं त्यात अप्पा होते, तेव्हा ते विशीतले, खांद्यावर लाठी बसली होती, तो डावा खांदा थंडीत अजून दुखतो. दरवर्षी एक जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला जातात, एक नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या सायकल फेरीला बेळगावला जातात. घरी त्या दिवशी गोडधोड करायचं नाही. हे मी कुणी शिकवलं म्हणून शिकले नाही, ते घरातच होतं, जसा चुलीचा धूर असतो तसं.

अक्का आली तीच मुळी एक मोठी पिशवी खांद्याला लावून, आणि पिशवीत कपडे कमी आणि पीठ जास्त. पहिल्या रात्री तिनं पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, त्यात ते पीठ टाकलं, पातेलं दाबून धरून लाकडी दांडक्यानं असं घोटलं की माझ्या छातीत धडधड झाली की आता गॅस उलटतो. मग हाताला पाणी लावून त्याचे गोळे केले, चेंडूएवढे, गुळगुळीत, काळपट तांबडे. रागी मुद्दे. एक माझ्या ताटात ठेवला. मी वास घेतला आणि म्हटलं, अगं हा तर आमचा नाचणा! खानापूर तालुक्यात, आमच्याकडं डोंगराच्या अंगाला नाचणाच होतो, आमची आई त्याची आंबील करते, भाकरी करते. अक्का म्हणाली चावायचा नाही, तोडून सारात बुडवून गिळायचा. मला गिळता येईना, मी चावून खाल्ला, ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी त्याच पिठाची भाकरी थापायला लागली, येत नव्हती तरी.

रोज झोपताना ती विचारायची, "ऊट आयता?" जेवण झालं का? आम्ही एकाच ताटात जेवलेलो असायचो तरी विचारायची. मी तिला अक्का म्हणायला लागले आणि ती मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. नियमानं एकमेकींना सिस्टर अमुक म्हणायचं असतं, बाहेर आम्ही तसंच म्हणायचो.

सगळं गोड होतं असं अजिबात नाही. ती गजराच्या आधी पाच वाजता उठायची आणि भांडी वाजवायची. मला डोक्याला तेल लावून झोपायची सवय, तिला त्या वासानं मळमळायचं. ती रस्त्यात चालताना गुणगुणायची, एकच ओळ, अर्धा अर्धा तास. घरी बहिणीशी भांडलं की माणूस गच्चीवर जातं, मैत्रिणीकडं जातं, इथं जाणार कुठं? ती खोलीत असताना मी जिन्यातसुद्धा एकटी जाऊन उभी राहू शकत नव्हते. राग आला की रागासकट तिच्या शेजारी बसमधे बसायचं. पहिले तीन आठवडे मला ते फार जड गेलं.

मग ऑगस्ट आला. सोमवारी, ५ तारखेला, घरी बोलणं झालं होतं, आई म्हणाली पाऊस लागून राहिलाय, काळजी करू नको. मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, पावसाळ्यात तिचं रूप आम्हाला नवीन नाही, म्हणून मी पण मनावर घेतलं नाही. बुधवारी चर्चमधल्या एका भाऊंनी सांगितलं की बेळगाव जिल्ह्यात पूर आलाय, निपाणीजवळ हायवेवर पाणी आलंय. मला काही सुचेना. मधल्या दिवशी घरी फोन करायचा तर परवानगी लागते, अक्कानंच मिशन प्रेसिडेंटना फोन लावला, त्यांनी विचारायच्या आत हो म्हटलं, पण घरचा फोन लागेना. भावाचा बंद, शेजारच्या काकूंचा बंद, सगळ्यांचे बंद. लाईट नसणार, टॉवर गेला असणार, हे आता कळतं, तेव्हा डोळ्यापुढं वेगळंच येत होतं. आमचं घर मातीच्या भिंतींचं.

त्या दिवशी अक्कानं काय केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिनं कुठून कुठून नंबर मिळवून तालुक्याच्या पूर कंट्रोल रूमला फोन लावला. मी लावला असता तर माझं ते बाजारातलं कन्नड, त्यात रडू, मला गावाचं नाव धड सांगता आलं नसतं. ती भिंतीला टेकून खाली बसली, मांडीवर आमचा प्लॅनर उघडा, पेन हातात, आणि अगदी शांतपणे स्वच्छ कन्नडमधे आमच्या गावाचं नाव, गल्ली, अप्पांचं नाव, मागं ओढा आहे, समोर चिंच आहे, असं सगळं सांगत गेली, मी तिला हुंदके देत सांगायचं आणि तिनं ते फोनवर कन्नडमधे सांगायचं. एकानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. सातव्या की आठव्या फोनला एक माणूस म्हणाला की त्या गावातली ओढ्याकडची माणसं शाळेत हलवलीत, सगळी आहेत, कुणाला काही झालेलं नाही. तिनं फोन ठेवला नाही, माझ्या कानाला लावला आणि त्याला म्हणाली परत एकदा सांगा, हिला सांगा. तो माणूस मला म्हणाला, "येल्लारू अदारीवा, अळबेड्री." सगळे आहेत, रडू नका. आमच्याकडचंच कन्नड, री लावलेलं. तो आवाज त्या क्षणी मला माझ्या घरच्या माणसाचा वाटला.

आमच्यात उपवास असतो, महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणं सोडायची, पाणी पण घ्यायचं नाही, आणि ज्याच्यासाठी करायचा त्याचं नाव मनात धरायचं. महिन्याचा रविवार होऊन गेला होता तरी अक्कानं गुरुवारी उपवास धरला आणि मला सांगितलं नाही, संध्याकाळी चक्कर येऊन खाली बसली तेव्हा मला कळलं. शनिवारी आईचा फोन लागला. मागची भिंत पडली होती, भांडी आणि नाचण्याचं पोतं वाहून गेलं होतं, दोन शेळ्या वाचल्या होत्या. आई रडत नव्हती, मीच रडत होते, म्हणून आई म्हणाली तुझ्या शेजारी कोण आहे तिच्याकडं दे. आईला कन्नड येतं, भाजी विकायला बसायची ना. आई म्हणाली, "ऊटा आतेनव्वा?" आणि अक्का, जी मला रोज तेच विचारायची, ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. नंतर आई मला म्हणाली, "भाळ छलो हुडगी हाय गे, तिला जप." फार चांगली पोरगी आहे म्हणून.

हे सगळं झाल्यावर मग एक नोव्हेंबर आला.

शुक्रवार होता. मी उठले तर खोलीभर तुपाचा वास. अक्कानं केसरीबात, म्हणजे केशरी शिरा, केला होता, वर काजू. तिनं केसांत पिवळं फूल आणि लाल रिबीन लावली होती. वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "राज्योत्सवद शुभाशयगळु, तंगी!" कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनाच्या शुभेच्छा. तिचा चेहरा इतका उजळलेला होता. तिला वाटलं होतं, परक्या राज्यात आपण दोघी कर्नाटकच्या, आपला सण आपण दोघींनीच करायचा. मला काही बोलता आलं नाही. मला अप्पा दिसत होते, दंडाला काळी फीत बांधून सायकल पुसत असलेले. मी वाटी तशीच ओट्यावर ठेवली आणि म्हटलं मला भूक नाही.

तिला काही कळेना. दोनदा विचारलं बरं वाटत नाही का, मी नाही म्हटलं. आवरलं, बॅज लावला. रोजचाच काळा बॅज, पण त्या दिवशी तो लावताना माझा हात थांबला होता. मग आम्ही बाहेर पडलो, आणि दिवसभर मी कामापुरतं सोडून एक शब्द बोलले नाही. दुपारी एका आजींच्या घरी जायचं होतं. तिथं शिकवताना थोडं मी बोलायचं थोडं तिनं, असं ठरलेलं असतं, माझी पाळी आली आणि मी गप्पच, अक्कानं माझंही बोलून टाकलं. आजींना आमचं इंग्लिश फारसं कळायचं नाही, त्यांची नात तमिळमधे सांगायची, पण त्या दिवशी आजींनी नातीकडं बघितलंच नाही, आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "सण्डैया?" भांडण झालं का? तेवढं तमिळ आम्हा दोघींनाही येत होतं. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. आजींनी आत जाऊन दोन ग्लास ताक आणलं आणि दोघींच्या हातात दिलं आणि आम्ही पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिल्या.

आठवड्यातून एकदा प्लॅनिंगच्या शेवटी कंपॅनियननी एकमेकींशी मन मोकळं करायचं असतं, त्याला इन्व्हेंटरी म्हणतात. आधी एकमेकींचं काय आवडलं ते सांगायचं, मग काय खटकतंय ते, आणि मग पुढच्या आठवड्यात काय करणार ते लिहायचं. आमची ती शुक्रवारी रात्री असायची. बरेच जण ती उरकतात, आम्हीपण कितीतरी वेळा उरकली होती, तेलाचा वास, भांड्यांचा आवाज, झालं. त्या रात्री उरकता येण्यासारखं नव्हतं आणि खोलीबाहेर जाता येण्यासारखंही नव्हतं.

मी सांगितलं. १९५६ च्या एक नोव्हेंबरला राज्यं झाली आणि आमचा भाग त्यावेळच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून आमच्या घरी तो दिवस सुतकासारखा. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, सुप्रीम कोर्टातली २००४ पासूनची केस, हे पण सांगितलं, पण खरं सांगितलं ते अप्पांच्या खांद्याचं. थंडीत आई तेल कोमट करून तो खांदा चोळते आणि चोळताना दोघंही बोलत नाहीत, ते. अक्का ऐकत होती. म्हणाली मला यातलं काही माहीत नव्हतं, आमच्याकडं बेळगाव म्हणजे कुंदा आणि विधानसभेचं हिवाळी अधिवेशन, शाळेत एवढंच. मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, माझं ऐकशील?

तिनं कावेरीचं सांगितलं. मंड्याचा ऊस, भात, सगळं त्या पाण्यावर. लहानपणापासून घरात एकच ऐकलेलं की तमिळ लोक आपलं पाणी नेतात. सप्टेंबर २०१६ मधे कावेरीवरून बेंगळूर पेटलं, तमिळनाडूच्या नंबरच्या गाड्या जाळल्या, तेव्हा ती बेंगळूरलाच होती, आणि गच्चीवरून धूर बघताना तिच्या घरातलं कुणीतरी म्हणालं बरं झालं, आणि तिलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. मग मिशनला तिला तमिळनाडूच मिळालं. पहिल्या महिन्यात तिला कोइमतूरच्या नळाचं पाणी पितानासुद्धा घशात अडकायचं. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आजींनी ताक दिलं ना दुपारी, म्हणाली, मला त्या क्षणी त्या धुराची आठवण झाली.

दिवा साडेदहाला बंद व्हायला पाहिजे होता, त्या रात्री झाला नाही. मी काही माझं मत बदललं नाही, आजही नाही, सीमाभागातल्या मराठी माणसाचं दुखणं खरं आहे असंच मला वाटतं. तिनंही राज्योत्सव केला म्हणून माफी मागितली नाही, मी मागू दिली नसती. कन्नड तिची आई आहे, आईच्या वाढदिवसाला माणूस गोड करणारच. बाराच्या पुढं कधीतरी मी ओट्यावरचा गार झालेला केसरीबात आणला, तारीख बदलली होती, आणि आम्ही दोघींनी तो एका वाटीतून खाल्ला. प्लॅनरमधे तिनं पुढच्या आठवड्यासाठी लिहिलं, तंगीकडून रोज एक मराठी शब्द. पहिला शब्द कुठला म्हणून विचारलं. मी म्हटलं रुसणे. इंग्लिशमधे सांगता येईना, राग नव्हे, भांडण नव्हे, आपल्या माणसावरच धरायचं असतं ते. ती म्हणाली कळलं, मुनिसु. मग दुसऱ्या दिवसापासून मी जरा गप्प दिसले की लगेच, "रुसलीस काय?"

नोव्हेंबरच्या मध्यात तिची ट्रान्सफर झाली, शब्द चौदा की पंधरा झाले होते. रात्रीची गाडी होती, नियमाप्रमाणं मला नवी कंपॅनियन स्टेशनवरच मिळाली, आणि अक्का दुसऱ्या सिस्टरबरोबर डब्यात चढली. पिठाची पिशवी मला ठेवून गेली.

मी फेब्रुवारी २०२० ला घरी आले आणि महिन्याभरात लॉकडाऊन लागला. मागची भिंत आता सिमेंटची होती. अप्पा चर्चबद्दल अजूनही काही विचारत नव्हते, पण एकदा शेळ्यांना पाला घालताना एकदम म्हणाले, "ती मंड्याची पोरगी, फोन लावलेली, ती कुठं असते?"

अक्काची नोकरी, तिच्या वडिलांचं आजारपण, माझ्या ड्युट्या, यात वर्षं गेली. या जानेवारीत एकदाची आली. मी बेळगाव स्टेशनवर घ्यायला गेले, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सकाळी उतरली, आणि खानापूरच्या बसमधे माझ्या शेजारी बसून तीच जुनी एक ओळ गुणगुणायला लागली. आईनं तिच्यासाठी चहाचं आधण ठेवलंच नव्हतं. आदल्या रात्री नाचण्याचं पीठ भिजवून सकाळी आंबील केली होती, ताक घालून, वर जिरं आणि लसूण. दोघी चुलीपाशी बसून कन्नडमधे काय काय बोलत होत्या, मला मधे घेतच नव्हत्या.

अप्पा बाहेर बाजेवर बसले होते. ते कन्नड बोलत नाहीत, येत असून बोलत नाहीत, हे मी अक्काला आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं बाहेर येऊन नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. ती ग्लास हातात घेऊन उभी, ते समोर बघत बसलेले. थंडी होती, डावा हात शालीत. मला काय करावं कळेना. आणि अक्का, तिला जेवढं मराठी येतं तेवढ्यातलं जे पहिलं आठवलं ते, पोरीला म्हणायचं तसंच, म्हणाली,

"अप्पा, रुसलीस काय?"

आई आतून दारात आली. अप्पांनी अक्काकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, मग शाल गोळा केली आणि बाजेवर थोडे सरकले, तिला बसायला जागा होईल एवढे.